पहिल्या पावसात खाडीतला जिवाणू फुटत का नाही?

ऐरोलीच्या पुलाखाली मे महिन्यात भरतीचं खारट पाणी असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. जूनमध्ये पाऊस कोसळला, नाले खाडीत उतरले की वरचं पाणी झपाट्याने गोडं होतं. जेमतेम 2 मायक्रोमीटर लांबीच्या जिवाणूच्या हा बदल जिवावर बेतू शकतो.

खारट पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर जाऊ पाहतं. ते थोपवायला ई. कोलायसारखा (आतड्यात राहणारा) जिवाणू आत पोटॅशियम, ग्लुटामेट, ट्रेहॅलोज साठवतो. बाहेर अचानक गोडं पाणी आलं की हाच साठा अंगाशी येतो, कारण आता पाणी आत घुसतं. या जिवाणूभोवती दोन पातळ आवरणं, म्हणजे पटलं असतात. आतलं पटल मूळ क्षेत्रफळाच्या काही टक्केच ताणतं, त्यापुढे फाटतं. नवं प्रथिन घडवून बचाव करायला वेळच नसतो.

म्हणून आतल्या पटलात प्रथिनांची दारं आधीपासूनच बसवलेली असतात. एमएससी-एस हे दार 7 एकसारख्या घटकांचं, एमएससी-एल 5 घटकांचं. त्यांना ऊर्जा लागत नाही, कुणाचा हुकूमही लागत नाही. पटलातला ताणच त्यांना खेचून उघडतो. एस कमी ताणाला उघडतं. एल मात्र पटल फाटण्याच्या बेतात असतानाच उघडतं, आणि त्याचं भोक सुमारे 3 नॅनोमीटर रुंद होतं. त्यातून पोटॅशियम, ग्लुटामेट, छोटी प्रथिनंसुद्धा निसटतात. कष्टाने जमवलेलं सगळं फेकून जीव वाचवायचा, हा सौदा आम्हाला विलक्षण वाटतो. 1999 मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठातल्या इयन बूथ यांच्या गटाने दोन्ही दारांची जनुकं काढून टाकलेले जिवाणू खारट माध्यमातून एकदम पातळ माध्यमात टाकले. बहुतेक मेले. एकच दार शिल्लक असलेले मात्र तगले. दार फार हलकं झालं तरी घात होतो: एमएससी-एलमधलं 22 वं अमिनो आम्ल बदललं की ते विनाकारण उघडतं, पोटॅशियम गळतं आणि वाढ खुंटते.

बाहेरचं पटलही भार पेलतं, हे 2018 मध्ये स्पष्ट झालं. त्याच्या बाहेरच्या थरातले लिपोपॉलिसॅकराइडचे (मेद आणि शर्करा जोडून बनलेले) रेणू ऋणभारित असल्याने एकमेकांना ढकलतात. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्यांना टाके घालून धरतात. या पटलातली प्रथिनं नीट घडी न होता अडकली, की त्यांची शेपटं डेग-एस या प्रथिनं कापणाऱ्या विकराला जागं करतात. त्याच्या कापाकापीतून सिग्मा-ई हा जनुकं चालू करणारा घटक सुटतो, दुरुस्तीची प्रथिनं मागवतो आणि या पटलाच्या नव्या प्रथिनांचा पुरवठा आवरतो. पाणी तुंबलं की आधी नळ बंद करावा, तसंच.

हे टाके उसवण्याची युक्ती प्रयोगशाळेत 1965 पासून वापरात आहे. नू आणि हेपल या संशोधकांच्या पद्धतीत जिवाणू 20 टक्के साखरेच्या द्रावणात ठेवतात, ईडीटीए हे धातूचे आयन पकडणारं रसायन घालून मॅग्नेशियम ओढून घेतात आणि मग पेशी थंडगार, जवळपास क्षारविरहित पाण्यात ढवळतात. बाहेरचं पटल सैल पडून दोन पटलांमधली प्रथिनं पाण्यात येतात, पण आतली पेशी बहुतांशी शाबूत राहते.