तेरावा म्हणजे कितवा? रॉइस घराण्याची पार्श्वभूमी

७ डिसेंबर २०२२ रोजी जर्मन पोलिसांनी सत्ता उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून २५ जणांना अटक केली. त्यांतलं एक नाव होतं हाइनरिश तेरावा, प्रिन्स रॉइस. वाचून वाटतं, गादीवरचा तेरावा राजा असणार. पण गादी १९१८ मध्येच गेली आणि ‘प्रिन्स’ हा आता निव्वळ आडनावाचा भाग. ‘तेरावा’ची गोष्ट मात्र मजेदार आहे.

रॉइस मूळचे पूर्व जर्मनीतल्या फोग्टलांडचे. सम्राटाच्या वतीने मुलूख सांभाळणारे हे ‘फोग्ट’, म्हणजे एका परीने सुभेदारच. सम्राट सहावा हाइनरिश याचे उपकार स्मरून घराण्यातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश ठेवायची प्रथा पडली, असं सांगतात. राज्य मिळो न मिळो, नाव तेच. मग ओळखायचं कसं? क्रमांकाने. १५६४ मध्ये वाटण्या होऊन थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन पाती, म्हणजे शाखा, झाल्या. मधली पाती १६१६ मध्ये खुंटली. थोरली ग्राइत्सला, धाकटी गेराला नांदली. थोरल्यांनी शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरुवात करायची, धाकट्यांनी नव्या शतकाबरोबर. म्हणून गेराच्या गादीवर सदुसष्टाव्यानंतर चौदावा आला आणि त्याच्यानंतर सत्ताविसावा!

थोरल्या पातीचं राज्य जेमतेम ३१७ चौरस किलोमीटरचं, पण अकड मोठी. १८६६ च्या ऑस्ट्रिया-प्रशिया युद्धात, ग्राइत्सचा बाविसावा हाइनरिश अजून अज्ञान असताना, त्याच्या वतीने कारभार पाहणारी त्याची आई ऑस्ट्रियाच्या बाजूने गेली आणि प्रशियाचं सैन्य थेट दारात आलं. पुढे जर्मन साम्राज्यात सामील व्हावंच लागलं, तरी प्रशियावरचा राग हाइनरिशने मरेपर्यंत सोडला नाही. तो १९०२ मध्ये वारला. वीस वर्षांनी त्याच्याच मुलीने, हर्मिनेने, पदच्युत कैसर दुसरा विल्हेल्म याच्याशी लग्न केलं. प्रशियाचाच राजा जावई झाला. बाप हयात असता तर काय म्हणाला असता कोण जाणे.

१९२० मध्ये दोन्ही मुलूख थुरिंगियात विलीन झाले. धाकट्या पातीच्या पंचेचाळिसाव्या हाइनरिशला १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी पकडून नेलं. तो परतला नाही. मालमत्ता जप्त झाली आणि घराण्याचं प्रमुखपद धाकट्या पातीतल्याच क्योस्ट्रित्सच्या शाखेकडे गेलं.

१९५१ मध्ये जन्मलेला तेरावा याच शाखेतला, विसाव्या शतकाच्या मोजणीतला. त्याच्यावरचा खटला मे २०२४ मध्ये फ्रँकफर्टला उभा राहिला. घराण्याचा प्रमुख असलेल्या, याच नव्या मोजणीतल्या चौदाव्या हाइनरिशने त्याच्याशी आपला संबंध नसल्याचं आधीच जाहीर केलं होतं.