फ्लॅशची पॉवर किती खाली उतरते, ते आधी विचारा

लग्नसराई तोंडावर आली की पुण्यातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "सहाशे वॉटचा फ्लॅश केवढ्याला?" दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो आणि व्यवहार पुरा होतो. पण फ्लॅशवर छापलेला तो ६०० हा आकडा वॉटचा नसतो, वॉट-सेकंदाचा असतो. वॉट-सेकंद म्हणजे शाळेत शिकलेला जूल. वॉट सांगतो ऊर्जा किती वेगाने खर्च होते ते, आणि जूल सांगतो एका झोतासाठी किती ऊर्जा साठवून ठेवली आहे ते.

६०० जूल फार नसतात. १० वॉटचा एलईडी बल्ब एका मिनिटात तेवढी ऊर्जा वापरतो. महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणजे चार्जिंगमधली गळती सोडली तर एका युनिटात पूर्ण ताकदीचे सहा हजार झोत बसतात. उलट त्याच फ्लॅशमधला २५० वॉटचा हॅलोजन मॉडेलिंग दिवा (फोटोआधी प्रकाश कसा पडेल ते दाखवणारा, सतत जळणारा) नुसता चालू ठेवला तर चार तासांत एक युनिट संपतं. फ्लॅशची किमया ऊर्जेच्या साठ्यात नसून तो साठा रिकामा होण्याच्या वेगात आहे. ६०० जूल एका सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडले, तर तेवढ्या क्षणापुरती सरासरी शक्ती सहा लाख वॉट होते.

हल्ली "आता फ्लॅश कशाला, दोनशे वॉटचा एलईडी घ्या" असा सल्ला सर्रास दिला जातो. व्हिडिओसाठी तो योग्यच आहे. स्थिरचित्रासाठी मात्र साधा हिशोब करावा. शटर १/२०० सेकंद उघडं असेल, तर २०० वॉटच्या एलईडीला त्या वेळात फक्त १ जूल खर्च करता येतो. समोर ६०० जूलचा फ्लॅश आहे. फरक सहाशे पटींचा, म्हणजे नऊ स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). एलईडीची कार्यक्षमता कितीही चांगली धरली तरी ही दरी बुजत नाही. काही खोक्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेले "इफेक्टिव्ह वॉट-सेकंद" असेच फसवे असतात. खोलगट, चकचकीत रिफ्लेक्टर लावून प्रकाश एका जागी गोळा करायचा आणि त्या जोरावर ३०० जूलच्या फ्लॅशला भलताच मोठा आकडा चिकटवायचा. त्याच फ्लॅशवर सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी, चढवला की तो आकडा निरर्थक होतो. साठवलेले जूल किती, एवढंच विचारावं.

आता मुख्य भाग. फ्लॅशच्या पोटात मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. घरातली २३० व्होल्टची एसी वीज डीसी केली की तिचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टवर येतं, आणि बहुतेक मोनोलाइटचे (सगळे भाग एकाच डब्यात असलेल्या स्टुडिओ फ्लॅशचे) कपॅसिटर साधारण याच पट्ट्यात भरलेले असतात. साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग. ३५० व्होल्टवर ३०० जूल साठवायचे तर सुमारे ४,९०० मायक्रोफॅरड लागतात. पुढे काचेची किंवा क्वार्ट्झची नळी, तिच्यात झेनॉन वायू. एरवी झेनॉन वीज वाहू देत नाही, म्हणून भरलेला कपॅसिटर नळीला जोडलेला असूनही काही घडत नाही. कॅमेऱ्याकडून इशारा आला की नळीभोवतीच्या बारीक तारेवर काही हजार व्होल्टचा क्षणिक धक्का बसतो, वायूचं आयनीभवन होतं, नळीचा रोध कोसळतो आणि शेकडो अँपिअरचा प्रवाह तिच्यातून धावतो. वायू तापून पांढऱ्या प्रकाशाने उजळतो. एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात फिरत्या विद्युत मोटारींचा अभ्यास करता करता हे तंत्र घडवलं. दुधाच्या थेंबाचा मुकुट दाखवणारं त्यांचं प्रसिद्ध रंगीत छायाचित्र १९५७ चं आहे.

पॉवरचं बटण खाली फिरवलं की आत नेमकं काय होतं? फ्लॅश-फ्लॅशमधला खरा फरक इथे आहे, आणि विकताना याबद्दल जवळजवळ कुणी बोलत नाही. रस्ते दोन आहेत. गच्चीवरच्या टाकीतून बादलीभर पाणी हवं असेल तर टाकीच बादलीभर भरून सगळी रिकामी करता येते, नाहीतर भरलेल्या टाकीचा नळ बादली भरताच बंद करता येतो. पहिली रीत म्हणजे कपॅसिटरचं व्होल्टेज कमी ठेवणं, दुसरी म्हणजे आयजीबीटी नावाच्या अर्धवाहक स्विचने झोत मध्येच तोडणं.

पहिल्या रीतीत वर्गाचा नियम आडवा येतो. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गात जाते, म्हणून ३५० व्होल्टवर पूर्ण ताकद असेल तर पाव ताकदीला १७५ व्होल्ट लागतात, १/१६ ला सुमारे ८७ आणि १/३२ ला सुमारे ६२. एवढ्या कमी दाबावर झेनॉन भरवशाने पेटत नाही. ट्रिगरचा धक्का बसला तरी प्रवाह टिकत नाही, झोत कधी येतो कधी नाही. म्हणून अशा फ्लॅशचं बटण बहुधा १/१६ किंवा १/३२ पाशी थांबतं, आणि त्याहून खाली जायचं तर उत्पादकाला कपॅसिटरचे गट पाडून काही गट वगळावे लागतात. शिवाय दाब कमी म्हणजे नळीतला प्रवाह कमी, वायू कमी तापतो, प्रकाश पिवळटाकडे झुकतो आणि झोत रेंगाळतो. आणखी एक गोष्ट: पूर्ण भरलेल्या कपॅसिटरची पॉवर कमी केली तरी आतला जादा भार आपोआप नाहीसा होत नाही. नवे फ्लॅश तो स्वतःच जिरवतात. जुन्यात टेस्टचं बटण दाबून एक झोत वाया घालवावा लागतो. ते विसरलात तर पहिली फ्रेम पांढरीफटक येते.

दुसऱ्या रीतीत कपॅसिटर कायम पूर्ण भरलेला असतो. झोत जोरात सुरू होतो आणि आयजीबीटी त्याची शेपटी कापतो. पॉवर जितकी कमी तितका झोत आखूड. १/१२८ किंवा १/२५६ पर्यंत सहज उतरता येतं आणि तिथे झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका लहान होऊ शकतो. याची किंमत रंगात मोजावी लागते. झोताची शेपटी तांबूस असते आणि तीच कापली गेल्याने उरलेला प्रकाश निळसर होतो. पहिल्या रीतीच्या नेमकं उलट. चेहऱ्यावर व्होल्टेजवाला जुना फ्लॅश आणि केसांवर मागून १/६४ वर ठेवलेला आयजीबीटीवाला, अशी जोडी लावली की केसांची कड निळी दिसते आणि संगणकावर कितीही रंग सुधारला तरी दोन्ही एकदम सुधारत नाहीत. उपाय सोपा आहे. निळसर फ्लॅशवर एक-अष्टमांश सीटीओ जेल, म्हणजे फिकट नारिंगी पारदर्शक कागद, लावायचं, किंवा दोन्हीकडे एकाच जातीचे फ्लॅश वापरायचे.

झोताची लांबी दोन तऱ्हांनी मोजतात आणि इथेही खोक्यावरचा आकडा दिशाभूल करतो. टी ०.५ म्हणजे प्रकाश शिखराच्या निम्म्याहून जास्त असतो तेवढा वेळ. टी ०.१ म्हणजे तो एक-दशांशाहून जास्त असतो तेवढा. न कापलेल्या झोताचा उतार घातांकी धरला तर टी ०.१ हा टी ०.५ च्या सुमारे तिप्पट येतो. खोक्यावर १/९०० लिहिलं असेल आणि तो टी ०.५ असेल, तर हालचाल गोठवण्यासाठी धरायचा आकडा १/३०० च आहे. कथकच्या चक्करीत हात सेकंदाला ५ मीटरने फिरतोय असं समजा. १/३०० सेकंदात तो १७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे बोटांचा पार फराटा. १/५,००० मध्ये फक्त १ मिलिमीटर. हा फरक मोठा फ्लॅश घेऊन मिळत नाही. आयजीबीटीवाला फ्लॅश १/१६ वर ठेवून, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवून किंवा तसे दोन-तीन फ्लॅश एकत्र लावून मिळतो. शटरचा वेग इथे कामाचा नाही, कारण पडदा-शटरचा सिंक वेग, म्हणजे पूर्ण फ्रेम एकदम उघडी राहते असा कमाल वेग, बहुधा १/२०० किंवा १/२५० असतो आणि त्यापुढे गेलात की फ्रेममध्ये काळा पट्टा येतो. काही फ्लॅशमधली हायस्पीड सिंकची सोय पट्टा घालवते, पण झोताचे तुकडे पाडून, निदान दोन स्टॉप प्रकाश गमावून.

मग पॉवर किती घ्यावी? दुप्पट जूल म्हणजे फक्त एक स्टॉप. ३०० ऐवजी ६०० घेतला तर एफ/८ चं एफ/११ होतं, बस्स (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). तेवढाच एक स्टॉप सॉफ्टबॉक्स २ मीटरवरून १.४ मीटरवर आणला तर फुकट मिळतो. मोठ्या पॉवरची गरज मुख्यतः दोन ठिकाणी पडते. एक, भर दुपारी सिंहगडावर प्री-वेडिंग. आयएसओ १०० आणि शटर १/२५० ला ऊनच एफ/११ भरतं, आणि त्याच्या बरोबरीला सॉफ्टबॉक्समधून यायचं तर ४०० ते ६०० जूल लागतात. दोन, लक्ष्मी रोडवरच्या सराफाचा हार. सगळे मणी स्पष्ट दिसायला एफ/१६ लागतो आणि मधे प्रकाश पसरवणारा जाड पडदा असतो.

पण पुण्यातले कितीतरी स्टुडिओ फ्लॅटच्या हॉलमध्ये किंवा दहा बाय बाराच्या खोलीत आहेत. तिथे त्रास वरच्या मर्यादेचा होत नाही, खालच्या मर्यादेचा होतो. समजा, ६०० जूलचा फ्लॅश पूर्ण ताकदीवर सॉफ्टबॉक्समधून २ मीटरवर एफ/१६ देतो. बाळाचं किंवा नवरीचं पोर्ट्रेट एफ/२ वर काढायचं आहे. १६, ११, ८, ५.६, ४, २.८, २: सहा स्टॉप खाली यायला हवं, आणि १/३२ वाला फ्लॅश पाचच उतरतो. दिवा मागे न्यायला भिंत आडवी येते, आणि मागे नेला तरी प्रकाश कडक होतो. लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी करडी काच, लावणं हा खात्रीचा मार्ग, पण मॉडेलिंग दिवा मंद असेल तर फोकस करताना कॅमेरा चाचपडतो. आधीच २०० जूलचा, १/१२८ पर्यंत उतरणारा फ्लॅश घेतला असता तर तळाला दीड जूल मिळाले असते आणि यातलं काहीच करावं लागलं नसतं. घरगुती स्टुडिओसाठी माझं मत सरळ आहे: ६०० चा एक घेण्यापेक्षा २०० चे दोन घ्यावेत.

जुना फ्लॅश वापरणाऱ्यांनी विजेच्या दाबावरही लक्ष ठेवावं. ज्या फ्लॅशमध्ये स्थिरीकरण नाही, त्यात संध्याकाळी दाब २३० वरून २०७ वर आला, म्हणजे दहा टक्के पडला, की ऊर्जा एकोणीस टक्के कमी होते. म्हणजे स्टॉपचा जवळजवळ एक तृतीयांश. दुपारच्या आणि संध्याकाळच्या फोटोंचा उजेड मग जुळत नाही. फ्लॅश तयार असल्याची बीप ऐकू येण्याआधी शटर दाबलं तरी असाच अंधार येतो. जुन्या फ्लॅशच्या सिंक सॉकेटवर कधी कधी शेकडो व्होल्टही असतात, म्हणून तो थेट नव्या कॅमेऱ्याला न जोडता रेडिओ ट्रिगरने पेटवावा.

पावसाळाभर कपाटात पडून राहिलेला फ्लॅश थेट पूर्ण पॉवरवर चालवू नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर वापराविना क्षीण होतो आणि एकदम पूर्ण दाब आला तर गळती वाढून कपॅसिटर तापतो, फुगतो. व्होल्टेज कमी-जास्त करणारा फ्लॅश असेल तर अर्धा-पाऊण तास किमान पॉवरवर चालू ठेवावा, मग निम्म्यावर, मग पूर्ण, आणि प्रत्येक टप्प्यावर चार-पाच झोत मारावेत. आयजीबीटीवाल्यात किमान पॉवरलाही कपॅसिटर पूर्णच भरतो, त्यामुळे हा उपाय तिथे लागू होत नाही. तो दर महिन्याला थोडा वेळ चालवत राहावा. कपॅसिटर गेलाच तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून त्याच मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टेजचा साधा कपॅसिटर आणून बसवू नये. फ्लॅशचे कपॅसिटर क्षणात रिकामं होण्यासाठी कमी अंतर्गत रोधाचे बनवलेले असतात. साधा कपॅसिटर काही झोतांतच तापू लागतो. आणि हे काम जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच द्यावं. प्लग काढून ठेवलेल्या फ्लॅशमध्येही जीव घेण्याइतका भार बराच वेळ शिल्लक राहू शकतो.