स्पॉयलर दाबतो, डिफ्युझर ओढतो

गाडीच्या मागच्या बंपरखाली काळी उभी पाती दिसली, की नागपुरात त्यांना सर्रास ‘खालचा स्पॉयलर’ म्हटले जाते. खरे तर ती डिफ्युझरची, म्हणजे गाडीच्या तळाच्या मागच्या टोकाला वर चढत जाणाऱ्या पत्र्याची, पाती असतात. चूक केवळ नावाची असती, तर मी लिहायला बसलो नसतो. परंतु नाव चुकले की समज चुकते, आणि समज चुकली की पत्रा भलत्या कोनात, भलत्या आधारावर बसवला जातो. हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही तिघे मित्र सुट्टीच्या दिवशी एक दोन आसनी किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून घरी बांधायची गाडी, उभी करतो. ती 1957 साली इंग्लंडमध्ये आलेल्या लोटस सेव्हनच्या धाटणीची, नळ्यांच्या चॅसिसवर बांधलेली आहे. तिला घरी केलेला डिफ्युझर बसवताना हाच घोळ मी इतक्यांदा ऐकला, की आता त्याचा कंटाळा आला आहे. आमच्या वेल्डिंगवाल्या भाऊंना तर पहिले दोन दिवस आम्ही डिफरन्शियलबद्दलच (ॲक्सलवरच्या गिअरच्या पेटीबद्दल) बोलतो आहोत असे वाटत होते. तो गैरसमज मात्र निरुपद्रवी होता.

स्पॉयलर सर्वांच्या ओळखीचा असल्यामुळे त्याच्याविषयी थोडक्यात सांगतो. तो डिकीच्या कडेवर उभा राहून वरून घसरत येणारी हवा अडवतो. त्यामुळे त्याच्या पुढच्या भागावर दाब वाढतो आणि गाडीची मागची बाजू उचलली जाण्याची प्रवृत्ती कमी होते. जी दोन खांबांवर उभी असते आणि जिच्या वरून आणि खालून अशी दोन्हीकडून हवा वाहते, ती विंग. या दोहोंतला फरक खरा आहे, पण त्यावरून आजवर कोणाचे काही बिघडलेले मी पाहिलेले नाही.

बिघडते ते पुढे. स्पॉयलरवर हवा आदळते आणि त्याला दाबते, हे मनात पक्के बसलेले असल्यामुळे डिफ्युझरवरही हवा आदळतच असणार, असे माणूस गृहीत धरतो. गाडीखालून आलेली हवा त्या तिरप्या पत्र्यावर आपटते, पाती तिला कापतात आणि काहीतरी करून गाडी रस्त्याला चिकटते, असे चित्र त्याच्या डोक्यात तयार होते. वास्तविक डिफ्युझर हवेला अडवत नाही, कापत नाही आणि तिचा वेगही वाढवत नाही. तो तिला सावकाश मंदावू देतो. आणि त्याचा मोठा फायदा त्याच्या स्वतःच्या अंगाखाली नव्हे, तर त्याच्या पुढे, जिथे सपाट तळ संपून पत्रा वर वळू लागतो, तिथे मिळतो.

ज्याने जुन्या मारुती 800 चा किंवा स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून साफ केला आहे, त्याला हे समजायला अवघड नाही. कार्ब्युरेटरच्या नळीला मध्यभागी एक अरुंद घसा असतो. घशातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब पडतो, म्हणून पेट्रोल तिथेच ओढले जाते. पुढच्या रुंद तोंडाशी ओढले जात नाही. आता ती नळी उभी अर्धी कापून गाडीखाली ठेवली आहे, अशी कल्पना करावी. रस्ता ही एक भिंत आणि गाडीचा तळ ही दुसरी. तळ आणि रस्ता यांच्यातली फट हा घसा, आणि मागे उंच होत जाणारा पत्रा, म्हणजे डिफ्युझर, हा घशानंतरचा रुंदावणारा भाग. मागच्या तोंडाशी हवेचा दाब किती असावा, हे बाहेरची हवा ठरवते आणि तो फारसा हलत नाही. त्या दाबापर्यंत परत चढायचे असेल, तर हवेला आधी घशात त्याच्या खाली उतरलेले असावे लागते. वाट मागे जेवढी रुंद होते, तेवढी घशातली हवा जोराने खेचली जाते आणि तिथला दाब आणखी खाली जातो; मात्र हवा पत्र्याला धरून राहिली तरच.

यातून निघणारी पहिली गोष्ट अशी, की तळ उघडा ठेवून मागे डिफ्युझर लावणे म्हणजे घसा नसलेल्या कार्ब्युरेटरकडून पेट्रोल मागणे होय. आमच्या प्रकारच्या गाडीत बसणाऱ्यांच्या पायांखाली पत्र्याचा सपाट तळ आधीच असतो. उघडे असते ते त्याच्या मागचे, ॲक्सल आणि पेट्रोलच्या टाकीखालचे. तेवढा भाग झाकण्यासाठी जो पत्रा लागतो, तो मला डिफ्युझरपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. बंपरला दुतर्फा टेपने चिकटवायची कार्बनच्या छापाची पाती विकत घेणाऱ्यांनी तेच पैसे या पत्र्यावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट मला स्वतःच्या चुकीतून कळली. आमचा पहिला डिफ्युझर आम्ही फायबरच्या बॉडीच्या मागच्या अंगाला पॉप रिव्हेटने लावला होता. हवा खालून दाबणार आणि पत्रा वर, बॉडीच्या अंगावर टेकून राहणार, हा आमचा हिशेब. भाऊंनाही तो पटला होता, ते म्हणाले, “हवा खालून मारते ना, मंग पत्रा खाली कसा येईन?” एका बंद कारखान्याच्या आवारातल्या सरळ रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरच्या आसपास पत्रा खालीच आला. रिव्हेटची डोकी शाबूत होती. ती फायबरमधून भोके मोठी करत सरळ निसटली होती आणि पत्र्याची मागची कड रस्त्यावर घासून चकचकीत झाली होती. खालचा दाब कमी असतो म्हणूनच पत्रा खाली ओढला जातो, आणि ती ओढ चॅसिसपर्यंत पोहोचली तरच गाडी खाली ओढली जाते. ती फायबरमध्ये जिरली, तर फक्त फायबर फाटते.

ही ओढ किरकोळ नसते. ताशी 120 किलोमीटरला वाहत्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण 65 ते 70 किलो वजनाइतका भरतो, आणि वेग निम्मा केला की तो एक चतुर्थांश उरतो. डिफ्युझरच्या वाट्याला त्यातला काही हिस्साच येतो, तरीही तो केबल टायने पेलण्याजोगा नसतो. आता आमचा पत्रा चॅसिसच्या नळ्यांना वेल्ड केलेल्या चार ब्रॅकेटना, 6 मिलिमीटरच्या बोल्टने आणि पत्र्याच्या खालून मोठे वॉशर देऊन टांगलेला आहे. मागची भोके लांबट ठेवली आहेत, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट प्रसरण पावते आणि मे महिन्यातली नागपूरची दुपार घट्ट आवळलेल्या पत्र्याला लाटा आणते. (त्याच दुपारी 45 अंशांची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 8 टक्के विरळ असते, त्यामुळे ओढही तेवढी कमी मिळते.)

कोनाच्या बाबतीत हावरेपणा करू नये. सुमारे 7 अंशांपासून सुरुवात करावी आणि 10 च्या पलीकडे पुरावा असल्याखेरीज जाऊ नये. 600 मिलिमीटर लांबीच्या पत्र्याची मागची कड 7 अंशांना जवळपास 73 मिलिमीटर उचलली जाते आणि 10 अंशांना 104. घरगुती गाड्यांवर 20 अंशांचे पत्रे पाहायला मिळतात. ते दिसायला ऐटदार असतात, पण हवा त्यांना सोडून देते, मागे भोवरे उठतात आणि घशातली ओढ नाहीशी होते. कोन रस्त्याशी मोजावा, चॅसिसशी नव्हे. गाडी नाकाकडे एक अंश झुकलेली असेल, तर तो अंश डिफ्युझरच्या कोनात आपोआप मिळवला जातो.

पात्यांचे काम एवढेच, की बाजूने, विशेषतः चाकांमागून येणारी ढवळलेली हवा आत शिरू नये. म्हणून सर्वांत बाहेरची दोन पाती महत्त्वाची आणि मधली बव्हंशी शोभेची. त्यांच्या खालच्या कडेला कन्व्हेयर बेल्टच्या रबराची पट्टी लावावी, म्हणजे गतिरोधकावर पत्र्याऐवजी रबर झिजते.

साहित्यात मी 2 मिलिमीटरच्या साध्या ॲल्युमिनियमच्या बाजूचा आहे. दुकानांच्या पाट्यांची एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीट स्वस्त, हलकी आणि कापायला सोपी असते. पण तिच्या पोटात पॉलिथिन असते, आणि ते शंभर-सव्वाशे अंशांच्या घरात मऊ पडू लागते. सायलेन्सरच्या वाटेवर ती वापरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी झालेल्या गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, तेव्हा हे सारे रस्त्यावरच्या रोजच्या गाडीसाठी नव्हे.

पत्रा काम करतो की नाही, हे पाहण्यासाठी बोटभर लांबीचे लोकरीचे धागे त्याच्या खालच्या अंगाला ओळीने चिकटवावेत आणि मागच्या कडेजवळ एका पट्टीवर मोबाइल पक्का बांधून चित्रण करावे. धागे मागच्या दिशेने सरळ पडून राहिले, तर हवा पत्र्याला धरून आहे. ते गोल फिरू लागले किंवा उलटे पुढे वळले, तर तिथे हवेने पत्रा सोडला आहे. आमच्या 9 अंशांच्या पत्र्यावर सायलेन्सरच्या खाचेमागचे तीन धागे फिरत राहिले. खाच लहान केली आणि ब्रॅकेटखाली वॉशर घालून कोन 7 वर आणला, तेव्हा तिघांपैकी दोन सरळ झाले. तिसऱ्याच्या अगदी पुढे पाइपचा क्लॅम्प आहे, आणि तो हलवायला सायलेन्सर नव्याने वाकवून घ्यावा लागेल.