सुट्टीचा ऑटो-रिप्लाय लिस्टवर का येतो? : पार्श्वभूमी

गणपती तोंडावर आले की बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या फाउंड्रीवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर ठरलेला प्रकार होतो. कोणी मोल्डिंगच्या वाळूबद्दल विचारतो आणि मिनिटाभरात उत्तर येतं, 'गणपतीनिमित्त कारखाना बंद आहे, सुट्टीनंतर संपर्क साधू.' उत्तर लिस्टवर पडल्यामुळे ते सगळ्यांना जातं. त्या सगळ्यांत सुट्टीवर गेलेला आणखी एक जण असतो, त्याचाही मेलबॉक्स उत्तर देतो, आणि दोघांच्या मशीनचं एकमेकांशी बोलणं सुरू होतं. सकाळी आरती आटोपून मोबाइल हातात घ्यावा तर एकाच ओळीच्या मेलची रांग. मग मागणी येते : त्याला लिस्टवरून काढा. माझा या मागणीला विरोध आहे, कारण चूक त्या माणसाची नसते.

ऑटो-रिप्लायची सुरुवात फार सभ्य होती. १९८६ मध्ये युनिक्स या संगणक-प्रणालीच्या एका आवृत्तीत 'व्हेकेशन' नावाचा छोटा प्रोग्राम आला. मेल आपल्या नावाने आलं असेल तरच उत्तर द्यायचं, एका माणसाला आठवड्यातून एकदाच द्यायचं आणि घाऊक मेलला द्यायचंच नाही, हे शिष्टाचार त्याला ऐंशीच्या दशकातच शिकवले गेले होते. पुढे ऑफिसांतल्या मेल सर्व्हरनी आपापले ऑटो-रिप्लाय बनवले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हे पाळलं नाही. घाऊक मेल ओळखायची खूण म्हणजे 'प्रिसीडन्स : बल्क' ही हेडरची, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या माहितीतली, ओळ. ती कधीच अधिकृत नियमांत नव्हती. १९९७ च्या हेडरच्या यादीत तिच्यापुढे 'अप्रमाणित, वादग्रस्त, टाळावी' असा शेरा आहे. तरी लिस्ट चालवणारे ती घालत राहिले, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं.

खरा वाद 'रिप्लाय-टू'चा, म्हणजे उत्तर कुठल्या पत्त्यावर जावं हे सांगणाऱ्या हेडरच्या ओळीचा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. लिस्टवरून निघणाऱ्या प्रत्येक मेलच्या रिप्लाय-टूमध्ये लिस्टचा पत्ता घालायचा, की लिहिणाऱ्याचाच राहू द्यायचा? आमच्या भागातल्या बहुतेकांना लिस्टचा हवा असतो. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. 'रिप्लाय ऑल' दाबायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि पिग आयर्नच्या भावाची चौकशी सगळ्यांसमोर झाली तर खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळ्यांनाच उपयोग होतो. पण याची किंमत मोठी आहे. आमच्या लिस्टवर एका पॅटर्नवाल्याने गिऱ्हाइकाला खाजगीत कळवायचा दर साधा रिप्लाय दाबून पाठवला, आणि तो त्याच्याच धंद्यातल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांनी वाचला. ते मेल परत घेता येत नव्हतं. त्याने फोन करून एवढंच विचारलं, "हे कुणी कुणी वाचलं असेल हो?" त्या दिवसापासून मी दुसऱ्या बाजूचा झालो.

ऑटो-रिप्लायच्या बाबतीत तर हा निर्णय थेट आगीत तेल ओततो. मेलला पत्रासारखेच पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, दुसरा आतल्या कागदावरचा. इंटरनेटवरच्या मेलच्या १९८२ च्या नियमांपासून ही फारकत आहे. मेल पोचलं नाही तर ते पाकिटावरच्या पत्त्यावर परत जातं, आणि लिस्टचं सॉफ्टवेअर तिथे सहसा आपला वेगळा परतीचा पत्ता घालतं. तिथे आलेलं उत्तर सॉफ्टवेअर स्वतःकडेच ठेवतं, सदस्यांना दिसत नाही. शहाणा ऑटो-रिप्लाय म्हणूनच पाकिटावरचा पत्ता पाहतो. अडाणी ऑटो-रिप्लाय आतला कागद वाचतो, रिप्लाय-टू दिसला की तिकडे पाठवतो आणि आपण कोणाला उत्तर दिलं हे लक्षातही ठेवत नाही. रिप्लाय-टूमध्ये लिस्टचा पत्ता घालून ठेवला की त्याला आपणच दार उघडून दिलं.

ऑटो-रिप्लायने कसं वागावं हे सांगणाऱ्या इंटरनेटच्या ऑगस्ट २००४ च्या दस्तऐवजात हे सगळं एकदाचं लिहिलं गेलं. उत्तर पाकिटावरच्या पत्त्यावर द्या, रिप्लाय-टू पाहू नका, एकाच माणसाला पुन्हा उत्तर देण्याआधी सात दिवस जाऊ द्या, आणि 'ऑटो-सबमिटेड : ऑटो-रिप्लाइड' ही खूण लावा. ती खूण असलेल्या मेलला दुसऱ्या मशीनने उत्तर द्यायचं नाही.

एप्रिल २०१४ मध्ये घडी पुन्हा विस्कटली. एका मोठ्या मोफत मेलसेवेने जगाला सांगितलं की आमच्या नावाने आलेलं पण आमच्याकडून निघाल्याची खात्री न पटणारं मेल नाकारा. लिस्टवरून फिरून गेलेली मेलं नेमकी अशीच दिसत. ती परत येऊ लागली, लिस्टच्या सॉफ्टवेअरला ते पत्ते बंद वाटले आणि ज्यांनी काही केलं नव्हतं अशा सदस्यांची नावं आपोआप गळाली. उपाय म्हणून बऱ्याच लिस्टनी प्रेषकाच्या जागी स्वतःचा पत्ता घातला. त्यामुळे रिप्लाय-टूकडे न पाहता प्रेषकाला उत्तर देणारे ऑटो-रिप्लायही लिस्टवर येऊन आदळू लागले.

सीमाभागात याला भाषेची आणखी एक गाठ आहे. विषयात 'आउट ऑफ ऑफिस' दिसलं की मेल अडवायचं, ही चाळणी अनेक लिस्टवर लावलेली असते. आमच्याकडे एक जण 'सुट्टीवर आहे' लिहितो, दुसरा 'रजेयल्लिद्देने', तिसरा इंग्रजीत. पहिले दोन चाळणीतून सरळ निसटतात. शिवाय देवनागरी किंवा कन्नड विषय हेडरमध्ये सांकेतिक अक्षरांत जातो. चाळणी तो उलगडून वाचत नसेल, तर 'सुट्टी' हा शब्द यादीत घालूनही तिला दिसत नाही. शब्दांऐवजी ऑटो-सबमिटेडची खूण पाहिली तर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही अडतात.

आता आमच्या लिस्टवर आधी ती खूण तपासली जाते आणि रिप्लाय-टू लिहिणाऱ्याचाच ठेवला जातो. तरीही एखादा ऑटो-रिप्लाय घुसलाच, तर त्या सदस्याचं मेल सुट्टी संपेपर्यंत मंजुरीसाठी थांबवतात. लिस्टचं मेल त्याला मिळत राहतं, नावही यादीत राहतं.