चुन्याची भिंत आणि आईंचे हात

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात जीवाजीगंजच्या आतल्या गल्लीत आमचा वाडा आहे. वाडा म्हणायचा तो सवयीने. वाटण्या होऊन आमच्याकडे उरलाय एक चौक आणि चार खोल्या. गेल्या पावसाळ्यात चौकाच्या भिंतीतला चुना गळायला लागला, तेव्हा मी मिस्त्रीला म्हटलं, सिमेंटने बुजवून टाका. त्याने विटांच्या सांध्यात बोट घातलं, चुना चिमटीत चुरला आणि म्हणाला, "दीदी, ईंट में कोई खराबी नहीं है. मसाला मर गया है. इसमें सीमेंट भरोगी तो सील अंदर रह जाएगी, फिर ईंट भी झड़ेगी." सील म्हणजे ओल.

भिंतीचं काम थंडीपर्यंत लांबलं. जानेवारीत चौकात चुना आणि सुर्खी (विटांची भुकटी) कालवणं चालू असतानाच लेकीने मागवलेली क्रीमची डबी आली. अंगठ्याएवढी डबी, किंमत साडेआठशे, आणि वर मोठ्या अक्षरांत 'सेरामाइड'. ती आणली होती आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. वय 74, आणि भांडी स्वतःच घासायची हा हट्ट. दर थंडीत त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडतात. मधल्या बोटाची भेग तर इतकी खोल, की लिंबू पिळताना त्या डोळे मिटून घेतात.

मिस्त्रीचं वाक्य आईंच्या हातांना जसंच्या तसं लागू होतं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे सांगायला जरा वेळ घेईन.

त्वचेचा अगदी वरचा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींचे 15 ते 20 पदर. तळहात-तळपाय सोडले तर याची जाडी साधारण 10 ते 20 मायक्रॉन. डोक्याच्या केसाच्या तुलनेत फारच पातळ. एवढ्याशा पापुद्र्यावर आपलं पाणी आत राहणं अवलंबून आहे. तरीही घाम न येता रोज 300 ते 400 मिलिलिटर पाणी त्वचेतून नकळत उडून जातंच. सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचाशास्त्रज्ञ पीटर एलियास यांनी या थरासाठी विटा आणि चुन्याच्या भिंतीची उपमा रूढ केली. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधलं स्निग्ध द्रव्य म्हणजे चुना. पाणी अडवण्याचं मुख्य काम चुन्याचं.

या चुन्यात वजनाने जवळपास निम्मे सेरामाइड असतात, सुमारे पाव भाग कोलेस्टेरॉल (हो, तेच, रक्तात वाढलं की डॉक्टर डोळे वटारतात ते) आणि 10-15 टक्के मुक्त स्निग्धाम्लं. सेरामाइड हा एकच पदार्थ नाही. मोठं कुटुंबच आहे ते; माणसाच्या त्वचेत तीनशेहून जास्त प्रकार सापडले आहेत. प्रत्येकाची घडण मात्र एका साच्याची: स्फिंगोसिन किंवा त्याच्या भावंडाचा एक कणा आणि त्याला जोडलेलं एक लांब स्निग्धाम्ल. स्फिंगोसिन हे नाव लंडनमध्ये स्थायिक झालेल्या थुडिकम या जर्मन डॉक्टरने 1884 मध्ये दिलं. मेंदूतून काढलेल्या या पदार्थाचं कोडं त्याला उलगडेना, म्हणून कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून नाव ठेवलं. रसायनशास्त्रात असा प्रामाणिकपणा क्वचित दिसतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हा चुना बाहेरून येत नाही, त्वचा तो खालीच कालवते. मेलेल्या पदरांच्या लगेच खाली जिवंत पेशींचा एक थर असतो. तिथे स्निग्ध द्रव्यं छोट्या छोट्या पुड्यांत भरली जातात. पुडीत असताना बऱ्याचशा सेरामाइडला साखरेचा एक रेणू चिकटवलेला असतो. पेशी वर सरकून मरणाच्या उंबरठ्यावर आली, की पुडी बाहेर रिकामी करते. मग एक एन्झाइम ती साखर छाटून टाकतं आणि मोकळे झालेले सेरामाइड कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांबरोबर थरावर थर रचतात. हेच एन्झाइम गोशे नावाच्या आनुवंशिक आजारात कमी पडतं. त्या आजाराच्या अतितीव्र प्रकारात काही बाळं जन्मतःच चकचकीत, ताणलेल्या पापुद्र्यात गुंडाळल्यासारखी दिसतात. विटा आहेत, मजूर आहेत, पण साखर छाटणारा कारागीर नाही.

हा कारागीर आम्लाचा भोक्ता आहे. त्याला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या आसपास हवा असतो, आणि निरोगी त्वचेचा पृष्ठभाग साधारण तेवढाच आम्लधर्मी असतो. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच 9 ते 10. म्हणजे साबण जाताना थोडा चुना धुऊन नेतो ते नेतोच, वर नवा चुना लावणाऱ्याचे हातही काही तासांसाठी बांधून ठेवतो. आई दिवसातून पाच-सहा वेळा भांडी घासतात, तीही कडकडीत पाण्याने. कारागिराला कामाला उसंतच मिळत नाही. मिस्त्रीचं तर विचारूच नका: कालवलेल्या चुन्याचा पीएच 12 च्या वर. भिंतीला जो चुना वाचवतो, तोच त्याच्या बोटांतला चुना खातो. त्याच्या हातांचे तळवे मी पाहिले, सहाणेसारखे खरखरीत.

बरं, आमच्या ग्वाल्हेरची हवा. लोक म्हणतात, जानेवारीत एवढं धुकं असतं, दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, मग हात कसे फुटतात? हिशेब करून बघा. 6 अंशांची हवा धुक्याने पूर्ण भरली, तरी घनमीटरमागे तिच्यात जेमतेम 7 ग्रॅम वाफ मावते. मे महिन्यात लू वाहते तेव्हा 45 अंशांना आर्द्रता 15 टक्के धरली, तरी वाफ 10 ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे धुक्यातली हवा लूपेक्षा कोरडी. ऊबदार त्वचेला टेकून ती तापली की पाणी ओढायला मोकळी. त्यात थंडीत आणि वाढत्या वयात त्वचेतली ही स्निग्ध द्रव्यं मुळातच कमी होतात. आईंच्या वाट्याला दोन्ही आलं.

मग क्रीमने काय होतं?

आधी पाण्याबद्दल. 1952 मध्ये अर्विन ब्लँक यांनी पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेतले. तेलात बुडवून ठेवले, कडकच राहिले. पाणी मिळालं तसे मऊ झाले. त्वचेला मऊपणा पाण्याने येतो; तेलाचं काम पाणी अडवण्याचं. म्हणून कोरड्या ठक्क हातावर नुसतं तेल चोळण्यापेक्षा ओलसर हातावर काहीतरी लावणं कधीही बरं.

दुसरा प्रयोग एलियास यांच्या गटाचा. उंदरांच्या त्वचेवरचं स्निग्ध द्रव्य काढून टाकलं आणि वर वाफ न जाऊ देणारं प्लास्टिक गुंडाळलं. दुरुस्ती मंदावली. म्हणजे पाणी उडून जाणं हीच त्वचेला मिळणारी वर्दी: चुना संपला, पुड्या फोडा. वर्दीच दाबली तर कारखाना झोपतो. पेट्रोलियम जेली मात्र अशी वागत नाही. ती वरच्या पदरांत मुरते, गळती लगेच कमी करते आणि खालची दुरुस्तीही चालू देते. दहा रुपयांच्या डबीकडून मला एवढी अपेक्षा नव्हती.

आणि तिसरा प्रयोग, जो डबीवर छापायला कोणी धजणार नाही. 1990 च्या दशकात याच गटाने सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं वेगवेगळ्या मिश्रणांत लावून पाहिली. एकेकटं किंवा कुठलेही दोन लावले, तर त्वचेची दुरुस्ती उलट रेंगाळली. तिन्ही सम प्रमाणात दिली तर ती नेहमीच्या वेगाने झाली. तिघांतला एक घटक तिप्पट केला तर आणखी वेगाने. शिवाय ही द्रव्यं भेगेवर नुसती लिंपली जात नाहीत. त्यातली काही खाली कारखान्यापर्यंत पोचतात आणि पुड्यांत भरून पुन्हा वर येतात. सिमेंट नको म्हणणारा आमचा मिस्त्री हे ऐकून अजिबात चकित झाला नाही. सुर्खीशिवाय चुना आणि चुन्याशिवाय सुर्खी म्हणजे नुसती माती, म्हणाला.

आता लेकीची डबी उलटी करून वाचू. 'सेरामाइड एनपी', 'एपी', 'ईओपी' अशी नावं आहेत. पूर्वी यांना 1, 2, 3 असे नुसते आकडे होते. शेवटच्या अक्षराने कणा कळतो, आधीच्या अक्षरांनी त्याला जोडलेलं स्निग्धाम्ल. कोलेस्टेरॉल आहे, ठीक. पण घटकांची यादी उतरत्या क्रमाने असते, आणि इथे सेरामाइड फिनॉक्सिइथेनॉल या संरक्षकाच्याही खाली बसलेत. या संरक्षकाची मर्यादा एक टक्का. म्हणजे सेरामाइड त्याहून कमी. बहुतेक डब्यांत असंच असतं. मेणासारखा पदार्थ हा, सहज विरघळत नाही आणि महागही पडतो. त्यामुळे अशा क्रीमचा पहिल्या दिवशी जाणवणारा मऊपणा बराचसा ग्लिसरीनचा आणि वरच्या तेलकट थराचा असतो. सेरामाइडचं श्रेय, जे काही असेल ते, उशिरा येतं. अशी क्रीमं वाईट नाहीत. इसब असलेल्यांच्या त्वचेत सेरामाइड कमी असतात हे 1990 च्या दशकापासून माहीत आहे, आणि त्यांना ती मानवतातही. पण साध्या चांगल्या मलमापेक्षा ती ढीगभर सरस आहेत, असा पुरावा मला दिसलेला नाही. ब्रिटनमध्ये इसबाच्या 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम यांची तुलना झाली; 2022 मध्ये निकाल आला: चारही सारखीच. जे मूल लावून घेईल ते मलम चांगलं.

तेलाचा मुद्दा ग्वाल्हेरमध्ये टाळता येत नाही. शेजारी मोहरी पिकवणारा मुरैना जिल्हा, त्यामुळे सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल इथे पाण्यासारखं. माझ्या बाळंतपणात मालिशवाली बाई सरसोंच्या तेलासाठी अडून बसली होती आणि आई तिळाच्या तेलासाठी. मी तेव्हा गप्प राहिले. 2002 मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात मोहरीच्या तेलाने त्वचेची दुरुस्ती लांबवली आणि सूर्यफुलाच्या तेलाने ती लवकर केली. 2013 मध्ये शेफिल्डला मोठ्या माणसांच्या हातांवर ऑलिव्ह तेलाने बॅरियर, म्हणजे पाणी अडवणारी ही भिंत, ढिला झाला, सूर्यफुलाने टिकला. फरक लिनोलेइक आम्ल या स्निग्धाम्लाचा असावा: सूर्यफूल आणि करडईच्या पारंपरिक वाणांत ते भरपूर असतं, ऑलिव्हमध्ये ओलेइक जास्त. मोहरीत लिनोलेइक थोडं आणि वर झणझणीतपणा. सेरामाइडच्या कुटुंबातला सर्वांत लांब आणि बॅरियरला सर्वांत गरजेचा प्रकार लिनोलेइकच्याच आधाराने बनतो. तिळाचं तेल मधल्या रांगेत. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी काय सांगत होते?"

महिन्याभरात आईंच्या भेगा बुजल्या. भांडी कोमट पाण्याने, हातात रबरी मोजे आत सुती मोज्यांसकट, हात टिपून दोन मिनिटांत पेट्रोलियम जेली. लेकीची क्रीम रात्रीची, आई झोपल्या की ती स्वतःच लावून येते. यातलं नेमकं कशाने जमलं ते मला सांगता येणार नाही, आणि मोज्यांनाच निम्मं श्रेय द्यावं असं वाटतं.

काम संपल्यावर जेलीची एक डबी मी मिस्त्रीला दिली. त्याने झाकण उघडून हुंगलं. "दीदी, इसमें खुशबू तो है ही नहीं." म्हटलं, म्हणूनच दिली. फुटलेल्या हाताला सुगंधी द्रव्यं झोंबतात, आणि कधी कधी त्यांचीच ॲलर्जी बसते. त्याने डबी खिशात टाकली आणि भिंतीवर ओलं पोतं टाकायला वर चढला. नवा चुना अजून काही आठवडे ओला ठेवायचा आहे.