वॉक, वॉक्ड, वॉक्ड: हा तक्ता आला कुठून?

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून हायस्कुलात गेलेल्या कुणालाही विचारा, इंग्रजी क्रियापद चालवून दाखव म्हणून, तर तो न अडखळता वॉक, वॉक्ड, वॉक्ड म्हणेल आणि पुढे आय वॉक, ही वॉक्स, आय ॲम वॉकिंग, आय हॅव वॉक्ड करत करत शॅल हॅव बीन वॉकिंगपर्यंत पोचेल. बारा काळ, बारा रकाने. पण नीट बघितलं तर खुद्द क्रियापदाची रूपं फक्त चारच, बाकी सगळं काम बी, हॅव, विल ह्या मदतनिसांचं.

आमच्याकडे गोवा मुक्तीपूर्वी पोर्तुगीज शाळेत गेलेल्यांना फालार, म्हणजे बोलणे, हे क्रियापद एका वर्तमानकाळातच सहा तऱ्हेने चालवावं लागायचं, फालु, फालश, फाला, फालामुश, फालाइश, फालांव. त्यांच्यापुढे वॉक आणि वॉक्स म्हणजे किरकोळच. पण इंग्रजी पहिल्यापासून अशी मोकळीढाकळी नव्हती बरं का. हजारेक वर्षांपूर्वी मी, तू, तो आणि अनेकवचन ह्यांना वेगवेगळे प्रत्यय होते, पण त्यांच्यावर बोलताना जोर पडायचा नाही, म्हणून ते हळूहळू झिजले. तू साठी असलेला दाउ हा शब्दच मागे पडला तेव्हा त्याच्याबरोबर दाउ वॉकेस्ट पण गेलं. उरला तो थर्ड पर्सनचा एस, ज्याच्यासाठी आपण सगळ्यांनी मार्क घालवलेत. हा एस मूळचा उत्तर इंग्लंडमधला, लंडनकडे ही वॉकेथ म्हणायचे. सोळाव्या शतकात एस तिथे शिरला आणि शेक्सपिअरमध्ये दोन्ही सापडतात, १६११च्या बायबलने मात्र जुना एथच धरून ठेवला.

ह्याच घालमेलीच्या काळात इंग्लंडहून एक माणूस गोव्यात आला, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली. हो तेच, मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे. ते निघाले तेव्हा इंग्रजीचं एकही छापील व्याकरण नव्हतं, पहिलं आलं विल्यम बुलोकरचं, १५८६ मध्ये, तेही लॅटिनच्या चौकटीत बसवलेलं. आणि इकडे स्टीफन्सनी आपल्या कोंकणीचं व्याकरण लिहिलं, पोर्तुगीजमधून, जे त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. म्हणजे एक इंग्रज माणूस गोव्यातल्या साष्टीत बसून कोंकणी क्रियापदं चालवत होता आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत वॉकेथ की वॉक्स हे अजून ठरायचं होतं. मला तरी हे भारी वाटतं!

आता वॉक्डमधला ईडी. आपण त्याला रेग्युलर म्हणतो म्हणून तोच मूळचा आणि सँग, ड्रँक वगैरे नंतरचा बिघाड असं वाटतं ना, पण उलट आहे. आतला स्वर बदलून भूतकाळ करायची रीत जास्त जुनी, सिंग-सँग, ड्रिंक-ड्रँक ही त्या घराण्यातली. शेवटी ड किंवा ट लावायची युक्ती जर्मानिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरेंच्या कुळाने, नंतर काढली, आणि तो ड म्हणजे मुळात डिडच चिकटलेला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. ही युक्ती इतकी सोपी की जुनी क्रियापदं एकेक करून तिच्याकडे आली. हेल्प बघा, त्याचं जुनं रूप होल्पन, १६११च्या बायबलात लूकच्या पहिल्या अध्यायात मारियेच्या स्तोत्रात अजून आहे, आज सगळे हेल्प्ड म्हणतात. २००७ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी हिशेब मांडला, जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली तर त्यातली आज ९८च तशी राहिलीत. जी रोज तोंडात असतात ती टिकतात, कमी वापरातली ईडीला शरण जातात, आणि नवीन आलेलं तर थेटच, गूगल केलं की गूगल्ड.

मुलं वॉक-एड असं तोडून म्हणतात आणि सर ओरडतात, पण एकेकाळी तसंच म्हणायचे. मधला ए बोलण्यात गळत चालला तेव्हा १७१२ मध्ये जोनाथन स्विफ्टने त्याच्यावर जाहीर तक्रार केली होती, ही काय कानाला खरखरीत रूपं म्हणून. कुणी ऐकलं नाही. वाँटेड, नीडेडमध्ये तो राहिला कारण ट आणि ड नंतर त्याच्याशिवाय जमतच नाही.

भविष्यकाळाचं स्वतःचं रूप तर इंग्रजीत कधी नव्हतंच, जुन्या इंग्रजीत वर्तमानावर भागवायचे. मग शॅल आणि विल आले, आणि आय-वीला शॅल, बाकीच्यांना विल हा नियम जॉन वॉलिसने १६५३ मध्ये लिहिला, तोही लॅटिन पुस्तकात. लिंडली मरेच्या १७९५च्या गाजलेल्या व्याकरणात काळ मोजून सहाच, कंटिन्युअसला वेगळा रकाना नाही. तीन काळ गुणिले चार प्रकार ही मांडणी नंतरची, आणि आपल्याकडे ती घरोघरी पोचवली रेन आणि मार्टिनच्या जाडजूड ग्रामरने, त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातला. मुक्तीपूर्वीही गोव्यात मुंबईच्या मॅट्रिकला मुलं बसवणाऱ्या इंग्रजी शाळा होत्या, त्यामुळे मुंबईत जे घोकायचे ते इथे यायला वेळ लागायचा नाही. शॅल हॅव बीन वॉकिंग हा शेवटचा रकाना मात्र पेपर सोडून कुठे वापरलेला मी अजून ऐकला नाही.