हेवी-ड्युटी पिकअपची डिझेल एंजिनावरून निवड

जड ट्रेलर ओढण्यासाठी घ्यावयाचा पिकअप ट्रक त्याची बांधणी, केबिन किंवा निर्मात्याचे नाव यांवरून न निवडता मुख्यतः त्यात बसविलेल्या डिझेल एंजिनावरून निवडण्याचा उत्तर अमेरिकेतील, विशेषतः अमेरिका व कॅनडा या देशांतील, प्रघात. पशुपालक, बांधकाम ठेकेदार, घोडे वाहून नेणारे आणि निवासी ट्रेलर घेऊन हिंडणारे लोक यांच्यात तो रूढ आहे. फोर्डचे पॉवर स्ट्रोक, जनरल मोटर्सचे ड्युरामॅक्स आणि रॅम (पूर्वीचे डॉज) ट्रकमधील कमिन्स ही तीन एंजिन-घराणी या निवडीच्या केंद्रस्थानी आहेत. अमेरिकी वर्गीकरणानुसार 8,501 ते 10,000 पौंड (3,856 ते 4,536 किग्रॅ.) अनुज्ञेय एकूण वजनाचे ट्रक ‘2-बी’ वर्गात आणि त्यापुढे 14,000 पौंडांपर्यंतचे (6,350 किग्रॅ.) तिसऱ्या वर्गात मोडतात. बाजारात त्यांना अनुक्रमे ‘पाऊण टनी’ व ‘एक टनी’ म्हणतात. मात्र ही नावे जुन्या काळातील भारक्षमतेची असून आजच्या प्रत्यक्ष क्षमतेशी त्यांचा मेळ राहिलेला नाही.

उगम : डिझेल पिकअपचा प्रारंभ कोणत्या वर्षी झाला याबद्दल एकमत नाही. अमेरिकी ‘मॉडेल वर्ष’ आधीच्या दिनदर्शिका वर्षातच सुरू होत असल्याने निरनिराळ्या ग्रंथांतील सनांत एका वर्षाचा फरक पडतो. पुढील सन मॉडेल वर्षाचे समजावेत. काही लेखक इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या स्काउट मालिकेतील ‘टेरा’ या पिकअपला पहिला मान देतात, कारण 1976 पासून तीत निस्सानचे सहा सिलिंडरांचे डिझेल एंजिन मिळू लागले होते. इतरांच्या मते स्काउट हे मुळात हलके बहुउपयोगी वाहन असल्याने ते या गणनेत धरू नये. ते 1978 हे वर्ष मानतात. त्या वर्षी डॉजने मित्सुबिशीचे सहा सिलिंडरांचे एंजिन आपल्या पिकअपमध्ये दिले, तर जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल विभागाचे 5.7 लिटरचे व्ही-8 एंजिन अर्धा टनी पिकअपमध्ये आणले. यांपैकी पहिले फार थोड्या ट्रकांत बसले आणि लवकरच बंद झाले. दुसरे अधिक खपले, परंतु सिलिंडर-शीर्षाच्या बोल्टांचे अपयश आणि इंधनातील पाणी वेगळे करणाऱ्या गाळणीचा अभाव यांमुळे त्याची इतकी दुष्कीर्ती झाली की, अमेरिकेत डिझेल मोटारगाड्यांबद्दलचा अविश्वास पुढे दीर्घकाळ टिकला.

हेवी-ड्युटी (2-बी व तिसऱ्या) वर्गापुरते पाहिल्यास 1982 मधील जनरल मोटर्सचे 6.2 लिटरचे आणि 1983 मधील फोर्डचे 6.9 लिटरचे व्ही-8 एंजिन ही खरी सुरुवात ठरते. फोर्डचे एंजिन इंटरनॅशनल हार्वेस्टरने पुरविले होते. दोन्हींत इंधन थेट सिलिंडरात न सोडता पूर्वकक्षात सोडले जाई व हवा नैसर्गिक रीतीने आत ओढली जाई, टर्बोचार्जर नव्हता. इंधनाची बचत हा त्या काळी डिझेल घेण्याचा प्रमुख हेतू होता. ओढण्याच्या ताकदीत ही एंजिने मोठ्या पेट्रोल एंजिनांच्या पुढे नव्हती.

‘पहिला डिझेल पिकअप’ आणि ‘एंजिनासाठी घेतलेला पहिला पिकअप’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर बराचसा वाद मिटतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून 1989 हे वर्ष अधिक ग्राह्य दिसते. त्या वर्षी डॉजने आपल्या जुन्या घडणीच्या ट्रकमध्ये कमिन्सचे ‘बी’ मालिकेतील 5.9 लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले, थेट अंतःक्षेपणाचे व टर्बोचार्जर लावलेले एंजिन दिले. त्याची शक्ती 160 अश्वशक्ती म्हणजे माफकच होती, पण टॉर्क (फिरवण्याचा जोर) 400 पौंड-फूट (सुमारे 542 न्यूटन-मीटर) होता आणि तो अगदी कमी फेऱ्यांवर मिळत असे. हे एंजिन मुळात पिकअपसाठी रचलेलेच नव्हते. शेतीची यंत्रे, बांधकामयंत्रे आणि मध्यम वजनाचे ट्रक यांसाठी ते ‘केस’ कंपनीच्या सहकार्याने विकसित झाले होते. ट्रकचे शरीर 1970 च्या दशकातले, एंजिन मात्र औद्योगिक, अशा या जोडीला गिऱ्हाईक मिळाले ते केवळ एंजिनामुळे. ट्रकच्या निर्मात्याऐवजी एंजिनाच्या निर्मात्याचे नाव घेऊन ‘कमिन्स घेतला’ असे म्हणण्याची पद्धत येथूनच रुळली असावी.

तीन घराणी : फोर्डने 1994 मध्ये पॉवर स्ट्रोक हे नाव स्वीकारले. त्याखालील 7.3, 6.0 व 6.4 लिटरची एंजिने नॅव्हिस्टार (पूर्वीची इंटरनॅशनल हार्वेस्टर) बनवीत असे. 2011 पासूनचे 6.7 लिटरचे एंजिन फोर्डचे स्वतःचे आहे. 2003 मध्ये आलेल्या 6.0 लिटरच्या एंजिनात तेल-शीतक चोंदल्याने निष्कास-पुनराभिसरणाचा (जळलेल्या वायूंचा काही भाग पुन्हा एंजिनात सोडणाऱ्या प्रणालीचा) शीतक फुटणे आणि प्रत्येक सिलिंडराभोवती चारच शीर्ष-बोल्ट असल्याने गॅस्केट उडणे हे दोष इतके वारंवार आढळले की, हमीखर्चावरून दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 2009 मध्ये तडजोड झाली. ड्युरामॅक्स हे 6.6 लिटरचे व्ही-8 एंजिन जनरल मोटर्स व इसुझू यांच्या संयुक्त कंपनीने ओहायो राज्यातील मोरेन येथे 2001 च्या मॉडेलासाठी काढले. ॲल्युमिनियमची सिलिंडर-शीर्षे आणि ॲलिसनचा स्वयंचलित गिअरबॉक्स ही त्याची सुरुवातीपासूनची वैशिष्ट्ये होत. कमिन्सचे 5.9 लिटरचे एंजिन 2007 च्या मध्यावर 6.7 लिटरचे झाले, पण एका रांगेतील सहा सिलिंडरांची रचना कायम राहिली.

सहा सिलिंडरांच्या सरळ रचनेत प्राथमिक व द्वितीयक जडत्व-बले आपोआप संतुलित होतात, क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंगांचा आधार मिळतो, आणि दट्ट्याची धाव व्यासापेक्षा लांब ठेवता येते (कमिन्स 6.7 लिटरमध्ये व्यास 107 मिमी. व धाव 124 मिमी.). व्ही-8 रचना आखूड असते, तीत सिलिंडर लहान असल्याने फेऱ्या लवकर चढतात आणि शक्ती अधिक काढता येते. हौशी मंडळी यांतील एका रचनेला सर्वश्रेष्ठ ठरवतात, परंतु आजच्या आकड्यांवरून तसा निष्कर्ष निघत नाही : फोर्डचे अधिक शक्तीचे एंजिन 2023 पासून 500 अश्वशक्ती व 1,200 पौंड-फूट, ड्युरामॅक्स 2024 मध्ये 470 अश्वशक्ती व 975 पौंड-फूट, तर 2025 चे कमिन्स 430 अश्वशक्ती व 1,075 पौंड-फूट देते.

इंधन-अंतःक्षेपण : जाणकार ग्राहक एंजिनाच्या आकारमानाइतकाच, किंबहुना अधिक, विचार इंधनपंपाचा करतात. 1994 ते 1998 या काळातील बारा झडपांच्या कमिन्स एंजिनावरील बॉशचा ‘पी-7100’ पंप पूर्णतः यांत्रिक होता, म्हणजे प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र प्लंजर होता आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नव्हते. दुरुस्तीतील सुलभतेमुळे हे ट्रक अजूनही शोधून घेतले जातात. 1998 च्या मध्यावर चोवीस झडपांच्या एंजिनाबरोबर आलेला ‘व्हीपी-44’ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा रोटरी पंप आपल्या शीतनासाठी व वंगणासाठी इंधनावरच अवलंबून असल्याने टाकीतून त्याला इंधन पुरवणारा पुरवठा-पंप मंद पडला की तोही निकामी होई. फोर्डच्या 7.3 लिटरच्या एंजिनात वेगळाच मार्ग होता. कॅटरपिलर व नॅव्हिस्टार यांच्या या पद्धतीत एंजिनाचेच तेल सुमारे 3,000 पौंड प्रति चौरस इंचापर्यंत दाबून प्रत्येक अंतःक्षेपकातील (सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या भागातील) मोठ्या दट्ट्यावर सोडले जाते आणि क्षेत्रफळांच्या साधारण सातपट गुणोत्तरामुळे इंधनाचा दाब 21,000 पौंडांच्या आसपास जातो. अशा एंजिनात तेल बदलण्यात हयगय केली, तर अंतःक्षेपणच बिघडते.

समाईक उच्चदाब नळीची पद्धत (कॉमन रेल) अमेरिकी पिकअपमध्ये प्रथम 2001 च्या ड्युरामॅक्सने आणली. कमिन्सने ती 2003 मध्ये स्वीकारली. त्या पहिल्या ड्युरामॅक्समध्ये अंतःक्षेपक झडपांच्या झाकणाखाली असल्याने गळणारे इंधन थेट तेलात मिसळे आणि अंतःक्षेपक बदलणे वेळखाऊ व खर्चिक होई. 2004 च्या मध्यावर ते झाकणाबाहेर काढण्यात आले. पंपांपैकी बॉशच्या ‘सीपी-3’ची टिकाऊपणाबद्दल ख्याती आहे. 2011 मध्ये फोर्ड व ड्युरामॅक्स या दोन्ही एंजिनांवर आलेल्या ‘सीपी-4’ पंपाविषयी मात्र दीर्घ वाद झाला. त्यातील रोलर-टॅपेट (कॅमवर फिरून पंपाचा दट्ट्या हलवणारा भाग) स्वतःच्या अक्षाभोवती वळले, तर रोलर कॅमवर घासू लागतो आणि धातूचा कीस नळ्या, अंतःक्षेपक व परतीच्या मार्गाने टाकीपर्यंत पोचतो, म्हणजे केवळ पंप नव्हे, तर संपूर्ण इंधनप्रणाली बदलावी लागते. एका पक्षाच्या मते दोष इंधनाचा आहे : वंगणक्षमतेच्या चाचणीत अमेरिकी मानक 520 मायक्रॉनपर्यंतची झीज चालवून घेते, युरोपीय मानक 460 पर्यंतचीच. दुसरा पक्ष टॅपेट वळू देणाऱ्या रचनेलाच जबाबदार धरतो. ड्युरामॅक्सने 2017 मध्ये डेन्सोचा पंप घेतला. रॅमने 2019 मध्ये सीपी-4 बसवला, पण पुढे ते ट्रक परत बोलावले आणि 2021 मध्ये पुन्हा सीपी-3 स्वीकारला, हे लक्षात घेता दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते.

उत्सर्जन-नियंत्रण : 2006 पासून रस्त्यावरील डिझेलमधील गंधक 15 भाग प्रति दशलक्ष एवढे मर्यादित झाले आणि 2007 पासून काजळी-गाळणी आली. साठलेली काजळी जाळण्यासाठी फोर्डच्या 6.4 लिटरच्या एंजिनात सिलिंडरातच उशिरा जादा इंधन सोडत. त्यातील काही भिंतींवरून तेलात उतरे. 2011 च्या ड्युरामॅक्सने यासाठी निष्कास-नळीत नववा अंतःक्षेपक बसवला, तो अधिक समंजस उपाय म्हणावा लागेल. नायट्रोजन ऑक्साइडांसाठी फोर्ड व जनरल मोटर्स यांनी 2011 मध्ये, तर रॅमच्या पिकअपने 2013 मध्ये 32.5 टक्के यूरियाचे द्रावण वापरणारी प्रणाली स्वीकारली. हे द्रावण −11° से.ला गोठत असल्याने टाकीत तापक लागतो. 2013 ते 2019 च्या रॅम ट्रकांतील उत्सर्जन-नियंत्रणास बगल देणाऱ्या आज्ञावलीच्या प्रकरणी कमिन्सने 1.675 अब्ज डॉलर दिवाणी दंड भरण्याचे डिसेंबर 2023 मध्ये मान्य केले. गाळणी व यूरिया-प्रणाली काढून टाकणे हे अमेरिकी शुद्ध हवा कायद्याने निषिद्ध आहे. तरीही असे केलेले ट्रक जुन्या बाजारात आढळतात आणि घेणाऱ्याने त्यांपासून दूर राहणेच इष्ट.

निवडीचे निकष : ओढण्याच्या क्षमतेचे आकडे पूर्वी प्रत्येक निर्माता आपापल्या पद्धतीने काढी. आता ‘जे-2807’ या मानकानुसार ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळील 11.4 मैलांच्या चढाच्या धर्तीवर, कडक उन्हात वातानुकूलन चालू ठेवून ट्रकने किमान वेग राखावा लागतो. मागे एकेरी चाके असल्यास तो ताशी 40 मैल व दुहेरी असल्यास 35 मैल असतो. चढापेक्षाही उतारावर डिझेलचा खरा लाभ दिसतो. बदलत्या भूमितीच्या टर्बोचार्जरची पाती मिटवून निष्कास अडवला की, एंजिनच ब्रेकचे काम करते आणि चाकांचे ब्रेक तापत नाहीत.

याउलट, डिझेल एंजिन वजनदार असते. कमिन्सचे एकट्याचे वजन सुमारे 500 किग्रॅ. भरते. अनुज्ञेय एकूण वजन तेच राहिल्यास हा भार हौद्यातील मालाच्या क्षमतेतून वजा होतो आणि म्हणून ‘पाऊण टनी’ डिझेल ट्रक अनेकदा फिफ्थ-व्हील (हौद्यातील जोडणीवर टेकणाऱ्या) ट्रेलरच्या जोडदांड्यावरील वजनालाच अपुरा पडतो. ट्रकच्या दारावरील फलकावर लिहिलेला भारक्षमतेचा आकडा पाहण्याआधी एंजिन ठरवणे ही या प्रघातातील सर्वांत सामान्य चूक होय. अलीकडे डिझेलसाठी सुमारे 10,000 डॉलर जादा पडतात आणि फोर्डचे 7.3 लिटरचे पेट्रोल एंजिनही 430 अश्वशक्ती देते; त्यामुळे वर्षातून थोडेच दिवस ट्रेलर ओढणाऱ्यास आणि रोज लहान फेऱ्या करणाऱ्यास, जिथे काजळी-गाळणीला पुरेशी उष्णता मिळत नाही, पेट्रोल अधिक सोयीचे ठरते.

गिअरबॉक्सचा विचार एंजिनापासून वेगळा करता येत नाही. ड्युरामॅक्सची कीर्ती बऱ्याच अंशी ॲलिसनच्या गिअरबॉक्सची आहे. रॅममध्ये 2013 पासून अधिक टॉर्कच्या कमिन्सबरोबर आयसिनचा गिअरबॉक्स देण्यात आला, आणि हाताने बदलण्याचा सहा गतींचा गिअरबॉक्स 2018 नंतर तेथेही मिळेनासा झाला. जुना ट्रक घेताना वर्षानुरूप तपासणी वेगळी असते : बारा झडपांच्या कमिन्समध्ये टायमिंग-आवरणातील सैल होऊन गिअरांत पडू शकणारी डॉवेल-पिन, 1999 ते 2001 दरम्यानच्या चोवीस झडपांच्या काही एंजिनांत ब्लॉकवरील ‘53’ हा ओतीव आकडा (त्या बिडाच्या पातळ भिंतींना बाजूने तडा जातो), आणि सीपी-4 पंपाच्या कोणत्याही ट्रकमध्ये इंधन-गाळणीतील धातूचा कीस आधी पाहावा.